रेड अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला, पाणी मात्र बाजारपुलावर

जुलै लागला की सकाळी फोन हातात घेतल्यावर पहिलं दर्शन हवामान खात्याच्या रंगीत नकाशाचं. रत्नागिरी आज पिवळी, नारिंगी की लाल ते बघायचं, त्याखाली जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाची पीडीएफ, आणि मग डोंबिवलीच्या नाहीतर विरारच्या कुठल्यातरी मामाने घाबरून पाठवलेला व्हिडिओ, "अरे चिपळुणात पाणी शिरलं म्हणे, तुम्ही सगळे बरे आहात ना??" आपण शटर वर करून बाहेर बघावं तर कडक ऊन पडलेलं. व्हिडिओ २०२१ चा असतो. आम्हाला लगेच कळतं कारण त्यातल्या अर्ध्या दुकानांचे बोर्ड आता तिथे नाहीतच, पण मामाने ते विरारला बसून कसं ओळखायचं, त्याचा बिचाऱ्याचा जीव वर-खाली होतो तो होतोच.

माझं चिपळूणच्या बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सखल भागात. कॉम्प्युटरवर बसतो म्हणजे याला सगळं कळतं असा आमच्या गल्लीत समज आहे, त्यामुळे पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी डोकावतं आणि विचारतं, "काय रे, आज भरणार का?" हा प्रश्न नीट ऐका. आज पाऊस पडणार का असं कोणी विचारत नाही, पाऊस तर पडणारच, कोकण आहे. भरणार का, कुठपर्यंत, आणि कधी, एवढंच माणसाला हवं असतं. आणि आपल्याकडची सगळी आधुनिक यंत्रणा, सॅटेलाइट, रडार, ॲप, सगळं धरून, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही 'तुरळक ठिकाणी'. रत्नागिरी जिल्हा आहे ८,२०० चौरस किलोमीटरचा, मंडणगडपासून राजापूरपर्यंत. त्या एवढ्या पट्ट्याला एक रंग. राजापुरात अर्जुना आणि कोदवली चढून जवाहर चौकात पाणी आलेलं असतं तेव्हा दापोलीत माणसं कपडे वाळत घालत असतात, आणि दोघांच्याही फोनवर लालच. यात हवामान खात्याची चूक आहे असं माझं म्हणणं नाही बरं का. ते पावसाचा अंदाज देतात, नदीचा नाही, आणि पावसाचा अंदाज ते पूर्वीपेक्षा बराच चांगला देतात. पण लाल रंग आला, कलेक्टरांनी शाळेला सुट्टी दिली, आणि दिवसभर पोरं अंगणात क्रिकेट खेळली, असं दोनदा झालं की तिसऱ्या लाल रंगाला आमच्या शेजारचे अण्णा (किराणा, जुनं दुकान) गोण्या माळ्यावर चढवत नाहीत. अण्णांना कोणी अडाणी म्हणू नये. पन्नास किलोच्या गोण्या माळ्यावर चढवायच्या म्हणजे चार हमाल लागतात आणि अर्धा दिवस जातो, उगाच कोण करेल?

आता नदीचं. आमच्या कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीत उगम, खाली खाडी, मधे अंतर कितीसं. गंगा-कृष्णेसारखं नाही की वरच्या जिल्ह्यात पूर आला आणि खालच्यांना तयारीला दोन दिवस मिळाले. दसपटीत नाहीतर कुंभार्लीच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पडला की काही तासांत ते पाणी वाशिष्ठीतून बाजारात. त्यात शिवनदी शहराच्या मधून वाहते, तिचं वेगळंच. त्यात कोयनेचं पाणी. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, कोयना वाहते घाटावर पूर्वेला, पण वीज करायला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात खाली आणतात, तिथून ते कोळकेवाडी धरणात आणि तिथून अवजलाच्या (वीज करून सोडलेल्या पाण्याच्या) कालव्याने वाशिष्ठीत. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडचे म्हातारे "मशीन किती चालू आहेत?" असं विचारतात ते पोफळीबद्दल, पिठाच्या गिरणीबद्दल नाही. आणि या सगळ्यावर खाडीची भरती. गोवळकोटच्या बाजूने भरतीचं पाणी वर रेटत असेल तर नदीला उतरायला जागाच नाही, ती शहरात पसरते.

२२ जुलै २०२१ ला हे सगळं एकदम जमलं. आदल्या दिवशी बकरी ईद, दोन दिवसांनी गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि घाटावर पाऊस असा की त्या दोन दिवसांत महाबळेश्वरला एका २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. पाणी रात्रीतून चढलं, पहाटे लोक उठले तेव्हा उंबऱ्यात होतं, आणि सकाळ वर येईपर्यंत काही ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं. एसटी स्टँड बुडाला, डेपोतली माणसं रोकड सांभाळत बसच्या टपावर बसून राहिली ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. १८६४ पासूनचं आमचं वाचनालय, त्यातली पुस्तकं भिजली. ते आठवलं की मला अजून दुकानातल्या नुकसानापेक्षा जास्त वाईट वाटतं, ते असो.

मला राहून राहून वाटतं ते हे की त्या रात्री घाटात पाऊस किती पडतोय ते घाटाखालच्या माणसाला दिसत होतं, ऐकू येत होतं. अलोरे, शिरगाव, पोफळी, सगळीकडे माणसं राहतात, सगळ्यांकडे फोन आहेत. चिपळूणपासून वीसेक किलोमीटर. आणि खाली बाजारात आम्ही झोपलेलो. वीस किलोमीटरवरून फोटो अमेरिकेतल्या भाच्याला दोन सेकंदांत जातो, बाजारातल्या माणसाला नाही गेला. कारण कोणाला पाठवायचा हे ठरलेलंच नव्हतं.

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? मोठ्ठा बीप, थरथराट, स्क्रीनवर दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश. आमच्या दुकानात तेव्हा एका आजींनी घाबरून फोन काउंटरवर टाकला आणि म्हणाल्या, "बाबा, बघ रे काय झालं त्याला." त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात आणि माझ्या मते आजवर निघालेल्या सगळ्या भानगडीत ही सगळ्यात कामाची वस्तू आहे. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखभर लोकांना पाठवायचा तर रांग लागते, आणि गोंधळाच्या वेळी तीन तासांनी येऊन पोचतो. ब्रॉडकास्ट तसा नाही, टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदमच ओरडून सांगतो, कोणाचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्क जाम असलं तरी फरक पडत नाही. आणि तुम्ही चिपळूणचे नसलात, ट्रक घेऊन गोव्याला निघालेले ड्रायव्हर असलात आणि रात्री बहादूरशेख नाक्याला थांबून झोपलात, तरी तुमचा फोन वाजणार. हे व्हॉट्सॲप ग्रुपला जन्मात जमणार नाही.

पण त्यात काय लिहून येतं यावर सगळं आहे. "अतिवृष्टीची शक्यता, नागरिकांनी सतर्क राहावे, नदीकाठच्या गावांनी काळजी घ्यावी." सतर्क राहून करू काय मी? खिडकीत बसून नदीकडे टक लावू? हा संदेश मोजक्या टॉवरपुरता पाठवता येतो, म्हणजे फक्त चिपळूण शहराला सांगायचं तर सांगता येतं. मग असं लिहा ना, "वाशिष्ठीची पातळी ५ मीटर, इशारा पातळी ओलांडली, वर पाऊस चालू आहे, पहाटे चारला भरती, बाजारपूल आणि नाईक कंपनी भागातल्यांनी आत्ता सामान वर न्या, गाड्या उंचावर लावा." वाशिष्ठीला ५ मीटरला इशारा आणि ७ मीटरला धोका, खेडच्या जगबुडीलाही तसंच. पण ७ मीटर म्हणजे माझ्या दुकानाची पायरी की गल्ला, हे मला कोणी सांगत नाही. ते प्रत्येक गल्लीत माणसाला पाठ असतं, लिहिलेलं कुठेच नसतं.

तर आम्ही गल्लीपुरतं काय केलं ते सांगतो. फार थोर काही नाही.

एक ग्रुप काढला. ग्रुप तर सगळ्यांकडे असतात, आणि सगळ्यांनी ते म्यूट केलेले असतात, हीच तर गोची आहे. म्हणून पहिला नियम, जून ते सप्टेंबर या ग्रुपवर पाण्याशिवाय काहीही टाकायचं नाही. गुड मॉर्निंग नाही, वाढदिवस नाही, नगरसेवकाचं अभिनंदन नाही, कोणाच्या निधनाची बातमीसुद्धा दुसऱ्या ग्रुपवर. पहिल्या वर्षी यावरून दोघेजण रुसून ग्रुपबाहेर गेले, पुढच्या पावसाळ्यात आपणहून परत आले. दुसरा नियम, फॉरवर्ड चालणार नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच टाकायचं, आणि त्यात जागा, वेळ आणि पाणी चढतंय की उतरतंय या तीन गोष्टी पाहिजेतच. "खूप पाणी आहे" असा मेसेज मी उडवून टाकतो, मग तो आमच्या सासऱ्यांचा का असेना. "खडपोली पूल, रात्री १.२०, मघापेक्षा हातभर चढलं" असा पाहिजे.

वरच्या बाजूला माणसं जोडली, हे मुख्य. कोणाचा मावसभाऊ शिरगावला, कोणाची बहीण दसपटीतल्या दादरला (मुंबईच्या नव्हे) दिलेली, एक जण खडपोली एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. कोकणात नातेवाईक सगळीकडे असतात, त्याचा एकदा तरी चांगला उपयोग करावा. यातल्या एकाने तर अंगणात साधं पर्जन्यमापक ठेवलंय, तो झोपायच्या आधी आणि मध्ये उठला की आकडा टाकतो. शासनाचं महावेध आहे, महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र, चांगली गोष्ट आहे, पण रात्री दोन वाजता माझ्या कामाचा तो अंगणातला आकडाच, कारण तो टाकणाऱ्या माणसाला मी उलटा फोन करून विचारू शकतो की "अजून तसाच पडतोय का कमी झाला?" भरतीची वेळ मी रोज संध्याकाळी टाकतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तीन दिवस लाल टिंब लावून टाकतो. गोवळकोटचे लोक भरतीच्या बाबतीत माझ्या ॲपपेक्षा भारी आहेत, ते खाडीचा आवाज ऐकून सांगतात, तेव्हा त्यांचाच शब्द शेवटचा.

रात्री व्हॉट्सॲपची टिंग कोणाला ऐकू येते? त्यामुळे ५ मीटरच्या जवळ गेलं की मेसेज नाही, फोन. सरळ रिंग. मी पाच जणांना उठवायचं, त्यांनी प्रत्येकी पाच, आणि नावं आधीच लिहून प्रत्येकाच्या फ्रिजवर चिकटवलेली आहेत, कारण ऐनवेळी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. माझा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असा सेव्ह केलाय की फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. ही सेटिंग मी दुकानात बसून एकेकाला करून दिली, आणि तेव्हाच लक्षात आलं की कित्येकांनी ते सरकारी इमर्जन्सी अलर्टचं बटण बंद करून ठेवलंय, "तो बीप नको बाबा, बीपी वाढतं" म्हणून! ते चालू केलं. तुम्हीही आत्ता बघून घ्या, सेटिंग्जमध्ये जाऊन 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' शोधा. जुन्या बटणाच्या फोनवर ते वाजेलच याची खात्री नाही, त्या घरांची वेगळी यादी केलीये, तिथे कोणीतरी जाऊन कडी वाजवायची.

ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज, आणि तो आमच्या इथल्या एका मावशी देतात. मुद्दाम त्या. माझा आवाज ऐकून लोक म्हणतात झेरॉक्सवाला काहीतरी बोलतोय, मावशींचा आवाज आला की आंघोळ टाकून पळतात.

आता या सगळ्याची ढोपरं फुटतात कुठे, तर टॉवरवर. पाऊस वाढला की आधी लाईट जाते. टॉवरला बॅटरी असते, काही तास चालते, मग जनरेटर, त्याला डिझेल लागतं आणि डिझेल नेणारा रस्ता पाण्याखाली असतो. जनरेटर सखल जागेत असेल तर तोच आधी बुडतो. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० ला, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे दिवसचे दिवस रेंज नव्हती, मुंबईतले चाकरमानी आईबापांचा आवाज ऐकायला तडफडत होते. महाडजवळच्या तळियेला २२ जुलै २०२१ ला दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली, तिथेही रस्ते आणि नेटवर्क दोन्ही तुटलेलं, बातमी बाहेर पडायलाच वेळ गेला. एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर फोन चालावा अशी सोय आहे, इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात, वादळांच्या वेळी सरकारने ती सुरू करायला लावलेली आहे, पण निदान एक तरी टॉवर जिवंत पाहिजे ना. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की फोनवरची सगळी सूचना पाणी येण्याच्या आधीची आहे. पाणी आल्यावर फोन म्हणजे टॉर्च. तोवर जे सांगायचं ते सांगून झालं पाहिजे, आणि पुढचं नगरपालिकेच्या भोंग्याने, रिक्षावरच्या कर्ण्याने आणि मशिदीच्या-देवळाच्या लाउडस्पीकरने.

भोंग्याला हसू नका. ओडिशात समुद्रकिनाऱ्याने १२२ ठिकाणी सायरनचे टॉवर उभे केलेत, वरून बटण दाबलं की वाजतात. आपल्याला जुन्या मोजणीप्रमाणेच ७२० किलोमीटरचा किनारा आहे महाराष्ट्राला, आणि आतल्या नद्या वेगळ्याच. सावित्री, गांधारी, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, प्रत्येकीच्या काठी एक बाजारपेठ आहे जी दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसते. पुलाला रडार सेन्सर लावायचा, तो पाण्याची उंची मोजतो, मोबाइलच्या सिमवरून किंवा सॅटेलाइटवरून आकडा जातो, आणि ठरावीक उंचीला भोंगा आपोआप वाजतो. यातलं कुठलंच तंत्रज्ञान नवीन नाही. बॅटरी सोलरची आणि खांब पुराच्या रेषेच्या वर, एवढं बघायचं. रेषा कुठली, तर २०२१ च्या पुराची, २००५ च्या पुराची नाही.

अफवांचं मात्र अजून जमलेलं नाही. "धरण फुटलं" हे दोन शब्द आमच्या तालुक्यात आले की कोणी खरंखोटं करत बसत नाही, आणि का करावं? २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण खरंच फुटलं होतं, गळतीची तक्रार गावाने आधी केलेली होती, आणि वीसच्या वर माणसं वाहून गेली. त्यामुळे दर वर्षी एकदा तरी असा मेसेज फिरतो आणि अर्धा बाजार उंचावरच्या पाग भागाच्या दिशेने धावतो. लोकांना दटावून उपयोग नाही. उपाय एकच सुचला, असा मेसेज आला की ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करायचा, धरणाच्या खालच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, १०७७ ला फोन लावायचा, आणि जे कळलं ते मावशींच्या आवाजात टाकायचं. १०७७ म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, बऱ्याच जणांना हा नंबरच माहीत नसतो, लिहून ठेवा. फोन लागायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसं धावतात, धावू देत, नाहीतरी उंचावरच जातायत.

काही जण विचारतात की एवढं सगळं तुम्ही का करायचं, शासन कशाला आहे. बरोबर आहे. गाळ काढायला, पूररेषा आखायला, पुलाला सेन्सर लावायला शासनच पाहिजे, ते माझ्या झेरॉक्स मशीनवर होणार नाही, आणि त्यासाठी चिपळूणच्या लोकांनी उपोषणं करून झाली आहेत. पण गल्लीत कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे आणि त्याला उचलायला किती जण लागतील, हे कुठल्याही सर्व्हरवर नसतं आणि असू पण नये.

आता कामाचं. यंदा आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधी दोन गोष्टी करायच्यात. एक, शिरगावचा आमचा माणूस नोकरीला पुण्याला गेला, त्याच्या जागी अलोरे-पोफळी बाजूला राहणारं कोणीतरी पाहिजे ज्याला रात्री झोप कमी लागते आणि फोनला जिओ सोडून दुसरं सिम आहे, कारण तिथे मध्येमध्ये एकाचीच रेंज असते. पर्जन्यमापक आम्ही देऊ. दोन, मावशींच्या माळ्यावर ठेवायला एखादा चालू स्थितीतला जुना इन्व्हर्टर कोणाकडे पडून असेल तर सांगा, बॅटरी आम्ही वर्गणीतून घालतो. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत कळवा, जूनमध्ये कोणाला वेळ नसतो.